द्वारकाआक्कांचा फणसाचा पलंग

साऱ्या रत्नागिरीत मला 'सात पौंड दोन औंस' अशी हाक मारणारी एकच व्यक्ती होती. ती म्हणजे द्वारकाआक्का. मी छत्तीस वर्षांचा, हायस्कुलात भूगोल शिकवणारा, एका मुलीचा बाप. पण भर बाजारात, माझे विद्यार्थी आजूबाजूला असताना, भाजीवालीच्या टोपल्यांपलीकडून आरोळी यायची, "काय रे सात पौंड दोन औंस! वांगी बघून घे, किडकी आहेत ती!"

हे माझं जन्माचं वजन. आक्का आमच्या आळीतल्या सुईण. नुसत्या सुईण म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. त्या मिरजेला जाऊन नर्सिंगची परीक्षा पास झाल्या होत्या आणि त्याचं सर्टिफिकेट भिंतीवर देवाच्या तसबिरीच्या वर लावलेलं होतं. चाळीस वर्षांत त्यांनी आळीतली, गावातली, बंदरावरची किती मुलं जगात आणली त्याची गणती त्यांनाही नव्हती. पण प्रत्येकाचं वजन पाठ. नावं लक्षात राहायची नाहीत. "नाव काय, आईबापांनी ठेवलेलं. वजन तुझं स्वतःचं," असं त्या म्हणायच्या. पुढे किलो आले तेव्हा आक्का भडकल्या. "किलोत बटाटे मोजतात, मेल्यांनो. माणूस पौंडात मोजायचा."

आक्का भडकल्या हे वाक्य मी वर सहज लिहून गेलो, पण त्याला तसा अर्थ नाही. आक्का भडकलेल्याच असत. सकाळी दारात सडा घालताना त्या रस्त्यावर चिडलेल्या असत, दुपारी पोस्टमनवर, संध्याकाळी आकाशवाणीवर. बातम्या वाचणाऱ्या बाईला त्या रेडिओसमोर उभ्या राहून सांगत, "घाई कसली झाल्ये तुला? दूध उतू जातंय का?" अंगाने काटकुळ्या, लुगडं गुडघ्याच्या जरा खालीच, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा आणि आवाज मात्र असा की गाडीतळावर उभी असलेली एस.टी. आपल्यालाच बोलावताहेत असं समजून हलायची.

त्यांच्याशी वाद घालायची सोय नव्हती, कारण त्यांच्याकडे एक हुकमाचं पान होतं. समोरचा जरा वर चढला की त्या चष्मा कपाळावर सरकवत आणि म्हणत, "मला शिकवू नकोस. मी तुला नागडा बघितलाय." एका नगरसेवकाने गटाराच्या उद्घाटनाला भाषण लांबवलं तेव्हा त्या गर्दीतून हेच वाक्य बोलल्या. भाषण तिथेच संपलं.

पुरुषांवर, त्यातून नवऱ्यांवर, त्यांचा विशेष राग. बाई अडलेली असताना नवरा ओटीवर येरझाऱ्या घालू लागला की त्या त्याला कामाला लावायच्या. माझ्या वडिलांना त्यांनी माझ्या वेळी विहिरीवर पाणी आणायला तीनदा पाठवलं. घरात दोन हंडे भरून तापत होते. वडिलांनी पुढे एकदा विचारलं, आक्का, ते पाणी कशाला हवं होतं? त्या म्हणाल्या, "पाणी नको होतं. तुम्ही नको होतात."

आणि या सगळ्या संतापाच्या मधोमध, त्यांच्या एका खोलीच्या घरात, तो पलंग होता.

तो पलंग मी वर्णन करून सांगितला तरी पाहिल्याशिवाय खरा वाटायचा नाही. सात फूट लांब, सहा फूट रुंद. फणसाचं लाकूड, जुनं होऊन तांब्याच्या घागरीसारखं झालेलं. पाय माझ्या मांडीएवढे जाड आणि उंची पोटाला लागेल इतकी. चढायला एक लाकडी पायरी होती. आक्कांनी तो लढाईच्या काळात करून घेतला. त्याच्या आधी त्या लोकांच्या घरी जाऊन बाळंतपणं करायच्या. घराच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत, पलीकडे गुरांचा गोठा, खाली शेणाची जमीन, अंथरायला गोणपाट आणि वर जुनेरं. "ज्या जागी म्हैस वितेय त्याच्या शेजारी बाई! आणि म्हशीला पेंढा जास्त!" हे त्या चाळीस वर्षांनंतरही ओरडूनच सांगायच्या. तेव्हा त्यांनी भाड्याने खोली घेतली, मेस्त्री बोलावला आणि सांगितलं, बाई जमिनीवर नाही निजणार आणि मी वाकणार नाही, असा पलंग कर. मेस्त्रीने तो खोलीतच बसून केला. खोलीत लाकडं गेली आणि पलंग झाला. बाहेर कसा काढायचा हा विचार तेव्हा कोणाला सुचला नाही.

चौऱ्याऐंशीच्या पावसाळ्यानंतर तो करावा लागला.

घरमालक होता श्रीधर खेडेकर, आक्कांच्या भाषेत 'पायाळू'. हा पायांकडून जन्मलेला. त्याला ती जुनी कौलारू चाळ पाडून तिथे दुकानांची इमारत उठवायची होती. भाडेकरू एकेक करून गेले. आक्कांचा मुंबईचा भाचा चांगला होता. त्याने आपल्याला म्हातारपणी येऊन राहायला म्हणून मारुती मंदिराच्या वरच्या अंगाला एका सोसायटीत ब्लॉक घेऊन ठेवला होता. त्याने लिहिलं, मावशी, तू तिथे राहा. नळाचं पाणी आहे, संडास घरात आहे. फक्त तो पलंग आणू नकोस, मी लोखंडी कॉट पाठवतो.

ते पत्र आक्कांनी मला वाचून दाखवलं आणि मग माझ्यावरच ओरडल्या. "लोखंडी कॉट! मी काय हॉस्पिटलात मरायला निघाल्ये?"

"पण आक्का," मी म्हणालो, "आता पाच वर्षं झाली, तुम्ही एकही बाळंतपण केलेलं नाही. सगळ्या बायका सिव्हिलला जातात. तुम्ही एकट्या. एवढा पलंग..."

"तुला काय करायचंय?"

"नाही, म्हणजे उपयोग..."

"सात पौंड दोन औंस, गप्प बस. पलंग येणार. पलंग नाही गेला तर मी नाही जाणार. मग त्या पायाळूला सांग, माझ्यासकट पाड म्हणावं."

मला राग आला. खरं सांगायचं तर मला आक्कांचा नेहमीच थोडा राग यायचा. पण आळीतला म्हणून, आणि त्यांना दुसरं कोणी नव्हतं म्हणून, ते काम माझ्या गळ्यात पडलं.

ज्याने पलंग केला त्या मेस्त्रीचा मुलगा गोविंद, तोही आता पन्नाशीला आलेला, हत्यारं घेऊन आला. पलंगाखाली शिरला. ठोकून बघितलं, वास घेऊन बघितला. बाहेर येऊन डोक्याला हात लावून बसला.

"आक्का, ह्यो सुटाचा नाय. माज्या बानं एक खिळा मारलेला नाय. सगळ्या खुंट्या. चाळीस पावसाळे पिऊन त्या फुगल्यात. खोलाया गेलो तर फुटंल."

"मग आख्खा ने."

"दारातनं जाचा नाय."

"मग खिडकीतून ने."

गोविंद हसला. आक्का हसल्या नाहीत. तेव्हा त्याने उठून खिडकी मापली. खिडकीची चौकट काढून तिच्याखालचे चिरे जमिनीपर्यंत उतरवले तर पलंग उभा करून बाहेर काढता येणार होता. वरच्या तुळईला धक्का न लावता एका सकाळचं काम. आणि ती चाळ तर श्रीधर महिन्याभरात पाडणारच होता.

मी श्रीधरकडे गेलो. तो ओटीवर पान लावत बसला होता. ऐकून घेतलं आणि म्हणाला, "भिंत पाडायची नाही."

"अरे, पण तू पाडणारच आहेस ना?"

"मी पाडेन. भाडेकरूने पाडायची नाही. उद्या कोणीही उठेल आणि माझ्या भिंती पाडेल. त्यांना सांग, दारातून जाईल तेवढंच सामान न्यायचं."

मी शाळेत सहसा आवाज चढवत नाही. त्या दिवशी श्रीधरच्या ओटीवर उभा राहून मी त्याला काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो पान खात राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोविंद पहार घेऊन खिडकीखाली उभा राहिला आणि श्रीधर त्याच्यासमोर हात पसरून. आळी गोळा झाली. आक्का बाहेर आल्या. मला वाटलं, आता वजन येणार, नागडा येणार, सगळं येणार. आलंच.

"पाच पौंडाला चार औंस कमी!" आक्का कडाडल्या. "पाय आधी बाहेर, डोकं आत. अंग निळं. रडायचं नाव नाही. पाठीत धपाटे घालघालून माझा हात सुजला तेव्हा कुठे तू श्वास घेतलास. तो श्वास तू माझ्यासमोर उभं राहून असा खर्च करतोस?"

"आक्का, ते उपकार मी मान्य करतो," श्रीधर म्हणाला. "पण भिंत माझी आहे."

आणि पहिल्यांदाच असं झालं की आक्कांचं हुकमाचं पान चाललं नाही. त्या नुसत्या बघत राहिल्या.   मला ते बघवेना.

तेवढ्यात खेडेकरांच्या मागच्या दारातून श्रीधरची आई आली. ऐंशीची म्हातारी, पाठीतून वाकलेली, सहसा घराबाहेर न पडणारी. ती सावकाश चालत गोविंदपाशी गेली, त्याच्या हातातली पहार घेतली. तिला ती पेलवेना. टोक जमिनीवर घासत ओढत तिने ती भिंतीपर्यंत नेली आणि दोन्ही हातांनी जेवढी उचलेल तेवढी उचलून चिऱ्यावर मारली. टक्क असा एवढासा आवाज झाला. लाल भुकटी पडली चिमूटभर.

"आई, काय करत्येस?" श्रीधर पुढे झाला.

"माझ्या सासऱ्यांनी बांधलेली भिंत आहे ही," ती म्हणाली. "तुझी कुठली?" आणि तिने पुन्हा पहार उचलली.

श्रीधरने ती तिच्या हातातून काढून घेतली, गोविंदला दिली आणि कोणाकडे न बघता घरात निघून गेला.  आक्कांनी म्हातारीच्या हाताला लागलेली चिऱ्याची लाल माती आपल्या पदराने पुसली आणि मग वळून गोविंदवर ओरडल्या, "बघतोस काय? दुपार करायची आहे का?"

पलंग बाहेर आला तेव्हा अकरा वाजले होते. मिरकरवाड्याच्या बंदरावरून एका बोटीचा नाखवा आपले आठ खलाशी घेऊन आला होता, आठातले पाच आक्कांच्या हातचे. टेम्पोत पलंग मावेना, म्हणून तो उलटा करून, दोन बांबूंवर बांधून, खांद्यावरून न्यायचं ठरलं. माझी बायको वासंती सगळ्यांना चहा देऊन गेली. जाताना ती पलंगाच्या फळीवरून हात फिरवून गेली, एवढं मला आठवतं. मी तेव्हा दोर मोजत होतो.

गाडीतळावरून जेलनाक्याकडे चढ लागतो. पुढे आक्का, हातात काठी; मागे चारही पाय आभाळाकडे केलेला पलंग; त्याच्यामागे मी, पायरी आणि पितळी समई सांभाळत. लोक पालखी समजून नमस्कार करायला थांबत, मग जवळ येऊन बघून ओशाळत. एक एस.टी. आमच्या मागे अडकली. ड्रायव्हर हॉर्न दाबून बसला. आक्का वळल्या, गाडीपाशी गेल्या, मान वर करून बघितलं.

"कुठला रे तू?"

"पावसचा."

"तरीच," आक्का म्हणाल्या आणि परत आपल्या जागी जाऊन चालू लागल्या. ड्रायव्हरने कंडक्टरला विचारलं, तरीच म्हणजे काय? कंडक्टर म्हणाला, गप गाडी चालव. तो रत्नागिरीतलाच असावा.

सोसायटीपाशी पोचलो तर फाटकात सेक्रेटरी उभे. कुलकर्णी नावाचे गृहस्थ, सरकारी कचेरीत नोकरीला, साताऱ्याकडचे. आवाज मऊ, बोलणं सावकाश, खिशात दोन पेनं. त्यांना चिडता येत नव्हतं आणि त्यामुळे त्यांच्यावर आणखी चीड यायची. पलंग बघून ते म्हणाले, "हे असं आहे, आजी, जिन्यातून हा जाणार नाही."

"दोरांनी वर घेणार. गॅलरीतून."

"त्यासाठी गॅलरीचा कठडा काढावा लागेल. कठडा सोसायटीचा आहे. ठराव लागतो. शिवाय स्लॅबवर भार किती पडेल? इंजिनिअरचा दाखला आणावा लागेल."

आक्कांनी चष्मा कपाळावर चढवला. तोंड उघडलं आणि मिटलं. कारण हा माणूस साताऱ्याला जन्मलेला. याला त्यांनी नागडा बघितलेला नव्हता.

खलाशांनी पलंग आवारात सुलटा करून ठेवला. ऑक्टोबरचं ऊन. सोसायटीतल्या बायका गॅलऱ्यांतून बघत होत्या. आक्का एका सिमेंटच्या कट्ट्यावर बसल्या आणि बसूनच भांडू लागल्या. "तुमच्याकडे सत्यनारायण होतो का? किती माणसं बसतात? पंचवीस? पंचवीस माणसं आणि भटजी तो स्लॅब पेलतो, आणि एक पलंग पेलत नाही?"

"आजी, माणसं उठून जातात. पलंग कायम राहणार."

"तुम्ही उठून जा बघू आधी इथून!"

"मला राग येत नाही, आजी. मी नियम सांगतोय."

तासभर हे चाललं. मीही दोनदा त्यांच्या अंगावर धावून गेलो, दोनदा नाखव्याने मला मागे ओढलं. आक्कांचा आवाज बसत चालला. घशाला कोरड पडली होती, पण पाणी मागायच्या त्या नव्हत्या.

तळमजल्यावरच्या दारातून एक बाई पाण्याचा तांब्या घेऊन आली. पस्तिशीची, कपाळावर घामाने चिकटलेले केस, हाताला कणीक. कुलकर्णींची बायको. तिने तांब्या पुढे केला. आक्कांनी तो घेतला आणि पाणी पिण्याआधी तिच्याकडे नीट बघितलं, जशा त्या एखाद्या अडलेल्या बाईकडे बघत.

"कितवा महिना?" त्यांनी खेकसून विचारलं.

"अगंबाई! नाही हो, काही नाही," ती लाजून म्हणाली.

"मग डोळ्यांखाली हे काय काळं?"

"झोप होत नाही. सासूबाई अंथरुणाला, दोघं मुलं, यांचा डबा..." ती हसली. "होतं चालायचंच."

आक्का गटागटा पाणी प्यायल्या. तांब्या परत दिला. कुलकर्णीबाई दोन पावलं गेल्या, पलंगापाशी थांबल्या. त्याच्या कडेला टेकून क्षणभर उभ्या राहिल्या, पायांवरचा भार काढावा तशा. मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "अहो, होऊ दे की वर. म्हाताऱ्या माणसाला उन्हात बसवून काय ठराव करता?"

त्यांचा आवाज मोठा नव्हता. पण गॅलऱ्यांतल्या सगळ्या बायकांनी तो ऐकला आणि कुलकर्णींनी तो बहुतेक पहिल्यांदाच ऐकला. ते गोंधळले. एक पेन खिशातून काढलं, परत ठेवलं. मग म्हणाले, "कठडा पूर्ववत बसवून द्यायची हमी लेखी द्या." ती मी तिथल्या तिथे दिली.

पलंग वर जाताना आक्का इतक्या सूचना देऊ लागल्या की नाखव्याने दोर सोडून त्यांच्यासमोर येऊन हात जोडले. "आक्का, बोटीवर एकच माणूस ओरडतो. आज तो मी." त्यांनी ते ऐकलं. दहा मिनिटं त्या गप्प होत्या. माझ्या माहितीतली ती तेवढी एकच वेळ.

पलंग पहिल्या मजल्यावर आत गेला खरा, पण झोपायच्या खोलीचं दार अडीच फुटांचं. म्हणून तो बाहेरच्याच खोलीत राहिला. खोली संपली. भाचा दिवाळीत आला तेव्हा बॅग डोक्यावर धरून, पोट आत घेऊन, भिंतीला घासत त्याला स्वयंपाकघर गाठावं लागलं. त्याने खुर्ची मागितली. आक्का म्हणाल्या, "खुर्ची कशाला? उभ्या माणसाला पचन चांगलं होतं."

मग माझं जाणं कमी झालं. आळीतून वर जायचं म्हणजे चढ. शाळेत सहामाहीचे पेपर होते. आक्का एकट्या, त्यांच्या त्या तिघा-चौघांच्या पलंगापाशी, कोणावर ओरडत असतील असा विचार कधी मनात यायचा आणि जायचा.

नाताळाच्या सुटीआधी एका बुधवारी शाळा अर्ध्या दिवसाने सुटली. आक्कांचं एक रजिस्टर पत्र जुन्या पत्त्यावर येऊन माझ्याकडे पडलं होतं. म्हटलं, देऊन यावं. दोनचा सुमार असेल. जिना चढून गेलो तर दाराबाहेर बायकांच्या चपलांचे चार जोड ओळीने ठेवलेले. दार अर्धं उघडं आणि उंबऱ्यातच स्टूल टाकून आक्का बसलेल्या, काठी आडवी धरून.

मी "आक्का" म्हणायला तोंड उघडलं तर त्यांनी काठीचं टोक माझ्या छातीला लावलं.

"हळू बोल."

त्यांना कुजबुजता येतं हे मला ठाऊक नव्हतं.

मी त्यांच्या डोक्यावरून आत बघितलं. गॅलरीच्या दाराला जुनं लुगडं लावून अंधार केलेला. पलंगावर आडव्या चार बायका. भिंतीकडे कुलकर्णीबाई, गुडघे पोटाशी घेऊन. त्यांच्याशेजारी वरच्या मजल्यावरच्या शाळामास्तरीण. एक बाई माझ्या ओळखीची नव्हती. आणि सगळ्यात अलीकडे, तोंड जरा उघडं, एक हात पलंगाच्या कडेवरून खाली लोंबलेला, वासंती.

बुधवारी दुपारी ती नगर वाचनालयात जाते, असं मला वाटत होतं. तसं ती मला सांगत असे. पुस्तकंही आणत असे.

लग्नाला अकरा वर्षं झाली. पहाटे मी उठतो तेव्हा ती उठलेली असते. मी झोपतो तेव्हा तिचं दूध विरजायचं, भाजी चिरून ठेवायची राहिलेलं असतं. दिवसाउजेडी तिला झोपलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. तिचा चेहरा असा असतो हे मला माहीत नव्हतं.

"कधीपासून?" मी हळूच विचारलं.

"दिवाळीपासून."

"मला बोलली नाही."

"तू विचारलंस कधी?" आक्कांनी मान फिरवली. राग होता, पण दबक्या आवाजात तो निराळाच वाटत होता. "चाळीस वर्षं बघत्ये. बाईला अंग टाकायला मिळतं ते बाळंतपणाचे दहा दिवस. तेवढ्यासाठी पुन्हा पुन्हा येतात का काय, असं वाटायचं मला. सगळ्यांना वाटायचं, आक्का बाळं काढत्ये. बाळं आपापली येत होती, मेल्या. मी अशीच दार धरून बसायची. सासवा, नवरे, दीर, जाऊ, कोणाला आत सोडायची नाही. तेवढंच माझं काम."

मी पत्र त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते न बघता कनवटीला खोचलं.

"आणि तुम्ही, आक्का?" मी विचारलं. "तुम्ही कधी निजता याच्यावर?"

त्या चटकन काहीतरी तोडून बोलतील म्हणून मी वाट बघितली. त्यांनी चष्मा काढला, पदराला पुसला, परत लावला.

"मी निजले तर दाराशी कोण बसेल?"

"इतक्या वर्षांत एकदाही नाही?"

"दाराशी कोणी हवं ना रे."

मला काय झालं ते सांगता यायचं नाही. मी त्यांच्या हातातली काठी घेतली. "उठा," मी म्हणालो. "मी बसतो."

"तुला जमायचं नाही. तू मऊ आहेस."

"उठा म्हणतो ना!"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग स्टुलावरून उठल्या, कंबर धरून. पुटपुटत आत गेल्या. तीनला उठव सगळ्यांना, तीन म्हणजे तीन, मुलं शाळेतून येतात, दूधवाला येतो, वगैरे. त्या लाकडी पायरीवर चढल्या. वासंतीच्या पायांपाशी थोडी जागा होती तिथे कडेला आधी टेकल्या, कोणाच्या घरी पाहुणं गेल्यासारख्या. मग पाय वर घेतले. चष्मा हातातच राहिला. दोन मिनिटांत त्यांचा श्वास जड झाला.

थोड्या वेळाने जिन्यात पावलं वाजली. कुलकर्णी वर आले, कचेरीतून लवकर घरी आलेले असावेत. मला बघून दचकले.

"अहो, आमची मंडळी इथे..."

"हळू बोला!" मी काठी आडवी केली. "झोपल्यात त्या."

"नाही, पण चहा..."

"करून घ्या."

इतक्या दिवसांत मी त्यांना कधी ओशाळलेलं पाहिलं नव्हतं. त्यांनी माझ्या खांद्यावरून आत डोकावून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग चपला काढून हातात घेतल्या, आवाज न करता दोन पायऱ्या उतरले आणि तिथेच भिंतीला टेकून बसले.

खाली कोणाच्या तरी घरात घड्याळाने तीनचे ठोके दिले. कुलकर्णींनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, नाही म्हणून. आम्ही दोघं तसेच बसून राहिलो.